सांडव्याची चार बोटं

लेव्हलबाई चहाला बसल्या की आधी कपात डोकावायच्या. चहा एका कडेला जरा वर चढलाय का, ते बघायला. चढला असेल तर टेबल कलतंय, आणि टेबल कलत असेल तर बाईंच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. मग टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवायची, ती जाड झाली म्हणून काढून एक पदर उलगडायचा, पुन्हा सरकवायची. तोवर चहा गार. बाईंचा नवरा बसडेपोत वेळापत्रकं लावायचा, गरीब स्वभावाचा माणूस. तो एवढंच म्हणायचा की अगं, चहा प्यायचाय, बांधायचा नाहीये.

खरं नाव त्यांना होतं, पण ते पगारपत्रकात. शहराच्या उद्यान खात्यात बागांचे आराखडे काढायला लागून त्यांना बावीस वर्षं झाली होती आणि त्यातली एकवीस त्या लेव्हलबाईच होत्या. पिशवीत डबा टाकायला एक वेळ विसरतील, पण ती पारदर्शक प्लॅस्टिकची लांबलचक नळी विसरायच्या नाहीत. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन जागी धरायची, दोन्हीकडे पाणी सारख्याच उंचीला थांबतं. कुठली जागा वर, कुठली खाली, लगेच कळतं. गवंड्यांची जुनी युक्ती. खात्यात आता महागडी यंत्रं आली होती, पण बाईंचा जीव नळीवर. भाड्यानं घर बघायला गेल्या तेव्हा न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं हे बघत पाव तास उकिडव्या बसल्या होत्या. घरमालकाला वाटलं, बाईंना चक्कर आली.

कामाला वाघीण होत्या, जिभेलाही धार होती. कुणी म्हणालं की बाई, इथे पाणी साठेल असं वाटतं, तर बाई चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, तुम्हाला वाटतं की तुम्ही मोजलंय? हळूहळू लोकांनी बाईंना काही सांगणंच सोडून दिलं. बाईंना वाटायचं, आता लोक शिकले. आणि खोटं कशाला बोला, बाई सहसा चुकायच्याही नाहीत.

तर अशा या बाईंनी वाचनालयासमोरची बाग खणायला काढली, तेव्हा खात्यात बोंबाबोंब झाली.

ती बाग म्हणजे साहेबांच्या डोळ्यातली बाहुली. मधोमध कारंजं, भोवती कातरलेली हिरवळ, कडेनं मोसमी फुलांचे वाफे. दिसायला गालिचा. पण त्या गालिच्याखालची माती रोलर फिरवून फिरवून इतकी घट्ट झाली होती की पाण्याला आत शिरायला सुईएवढी वाट नव्हती. वीस मिनिटांची सर आली की सगळं पाणी हिरवळीवरून घसरायचं, खालच्या अंगाच्या फाटकातून बाहेर पडायचं, सात पायऱ्या उतरायचं आणि गल्लीतल्या घरांत शिरायचं. गल्लीत चौथं दार बाईंच्या थोरल्या बहिणीचं.

बाईंचा बेत साधा होता. रस्त्याच्या कडेचे दगड जागोजाग कापायचे, म्हणजे रस्त्याचं पाणी गटारात पळण्याऐवजी बागेत येईल. बाग ताटासारखी सपाट नको, पसरट वाडग्यासारखी खोल हवी. माती भुसभुशीत करायची आणि त्यात इथलीच झाडं लावायची: तळाशी लव्हाळा, ओल टिकते तिथे पाणकणीस आणि बोरू, काठानं वाळुंज. या झाडांना दोन दिवस पाण्यात उभं राहायची सवय, दोन महिने कोरडं राहायचीही सवय. त्यांची मुळं खोल जातात, माती मोकळी ठेवतात, पाणी दिवसाभरात जिरतं. हेड माळ्यानं यादी वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. जे उपटण्यात आमची हयात गेली, म्हणाला, तेच आता हातानं लावायचं? बाई गमबूट चढवून स्वतः शहराबाहेरच्या ओढ्यांवरून रोपं घेऊन आल्या. बस कंडक्टरनं चिखलाच्या पोत्यांचं वेगळं तिकीट काढायला लावलं, त्यावरून अर्धा रस्ता भांडल्या.

आणि एवढं करूनही एखाद्या दिवशी पाणी मावलं नाही तर? त्यासाठी सांडवा. वाडगं भरलं की जादा पाणी ज्या दगडी उंबऱ्यावरून मोठ्या नाल्यात उतरायचं, तो सांडवा. बाईंच्या आराखड्यात त्याची उंची फाटकाच्या उंबऱ्यापेक्षा दोन बोटं खाली होती. म्हणजे पाणी चढलं तरी ते आधी सांडव्यावरून नाल्यात जाणार, फाटकापर्यंत पोचणारच नाही. सगळी बाग त्या दोन बोटांच्या भरवशावर होती.

बाईंनी हे का केलं, हे खात्यात कुणाला ठाऊक नव्हतं. शहरासाठी केलं हे खरं, पण आधी ताईसाठी केलं. आई गेली तेव्हा बाई सात वर्षांच्या आणि ताई अठराची. वेण्या घालण्यापासून गणितं सोडवून घेण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. पुढे ताईचे यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, आणि ताई त्या गल्लीत दोन शिवणयंत्रांवर शाळांचे गणवेश शिवत एकटी राहिली. गेल्या पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी शिरून कापडाचे सगळे तागे भिजले. मुलानं सांगितलं, आई, बस झालं, इकडे ये. ताईनं पेट्या भरायला घेतल्या. तेव्हा बाई तिच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "एक वर्ष थांब ताई. पाण्याचं माझ्याकडे लागलं. एक थेंब आला तर मीच तुझं सामान गाडीत चढवीन." ताई थांबली. पेट्या परत माळ्यावर गेल्या.

बाग तयार झाली. पावसाळ्याला अवकाश होता, पण मध्येच एका पहाटे अवेळी एक दणदणीत सर येऊन गेली. बाई नेमक्या प्रशिक्षणासाठी परगावी. तिथून त्यांनी सकाळी सातला ताईला फोन लावला, विचारलं, आलं का पाणी? ताई म्हणाली, थेंब नाही. बाईंनी प्रशिक्षणाला आलेल्या चाळीस लोकांना चहा पाजला. साहेबांना कळवलं, साहेबांनी वर कळवलं, आणि उद्घाटनाची तारीख ठरली. येता सोमवार.

शनिवारी दुपारी बाई ताईकडे गेल्या त्या कपड्यांचं माप द्यायला. सोमवारी घालायचे कपडे ताईच शिवत होती. तिनं बाईंना खोलीच्या मधोमध उभं केलं, हात पसरायला लावले आणि तोंडात टाचण्या धरून खाली बसून घेर सारखा करायला लागली. हलू नकोस, असं तिनं तीनदा बजावलं. बाईंच्या आयुष्यात असे प्रसंग थोडे, की हलायचं नाही आणि बोलायचंही नाही. नजर मात्र फिरायला मोकळी. ती भिंतीवर गेली.

भिंत हिरवी होती. पण खालचा वीतभर पट्टा जरा जास्तच हिरवा होता. ताजा.

"रंग कधी दिलास?" बाईंनी विचारलं.

ताई टाचण्यांतून काहीतरी पुटपुटली, पोपडे आले होते वगैरे. बाई तशाच, अर्ध्या घेरात टाचण्या लटकत असताना, कपाटापाशी गेल्या आणि कपाट पुढे ओढलं. मागे ब्रश पोचला नव्हता. तिथे भिंतीवर डागाची एक रेघ होती, मातकट, या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सरळ. पोपड्यांची रेघ अशी नसते. अशी रेघ फक्त पाणी काढतं.

बाईंनी वळून बघितलं. ताई जमिनीवरच बसली होती. तोंडातल्या टाचण्या तिनं एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या.

"फाटकातून आलं," ती म्हणाली. "त्या पहाटे. फार नाही, घोट्याच्या वर. मी उपसलं. कपडे वाळवून इस्त्री केली. शाळेला कळलंही नाही. शेजाऱ्यांनाही म्हटलं, तिला मी सांगते."

"आणि मला थेंब नाही म्हणालीस?"

"तुझा आवाज ऐकला ना फोनवर. इतकी खूश होतीस गं. माझ्या तोंडून निघेचना." मग म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, सांग बरं. ताई, तुझीच मोरी तुंबली असेल."

बाईंना राग यायला हवा होता. आलाही. पण तो बाहेर पडायच्या आत त्यांना आपलाच आवाज ऐकू आला, अगदी त्याच शब्दांत, मोरी तुंबली असेल. त्या म्हणाल्याच असत्या. वर नळी घेऊन येऊन मोरी तपासलीही असती.

त्यांनी पिशवीतून नळी काढली. टाचण्या टोचत होत्या, त्यांचंही भान नव्हतं. ताईला म्हणाल्या, चल. सात पायऱ्या चढून दोघी फाटकात गेल्या. ताईनं नळीचं एक टोक फाटकाच्या उंबऱ्यावर धरलं, दुसरं टोक घेऊन बाई लव्हाळ्यातून चालत सांडव्याकडे गेल्या. नळीतलं पाणी थरथरलं, डुचमळलं आणि थांबलं. बाईंनी बोटं लावून मोजलं. मग टोकं बदलली, पुन्हा मोजलं. मग नळीत बुडबुडा असेल म्हणून सगळं पाणी ओतून दिलं, वाचनालयाच्या नळावरून नवं भरलं आणि तिसऱ्यांदा मोजलं.

सांडवा फाटकापेक्षा दोन बोटं खाली हवा होता. तो दोन बोटं वर होता.

म्हणजे वाडगं भरलं की पाणी आधी फाटकातूनच जाणार. आणि आता ते नुसतं बागेवर पडलेलं पाणी नव्हतं. कडेचे दगड कापून बाईंनी अख्ख्या रस्त्याचं पाणी आमंत्रण देऊन आत बोलावलं होतं. पूर्वी गल्लीत जेवढं यायचं, त्याच्या तिप्पट येणार. 

चार बोटं गेली कुठे? तासाभरात बाईंनी तेही शोधून काढलं, आणि सापडलं तेव्हा वाटलं, सापडलं नसतं तर बरं. कुठलीही मापं घ्यायची तर कुठून तरी सुरुवात करावी लागते, एक पक्की, न हलणारी जागा शून्य धरावी लागते. बाईंची जागा नेहमी ठरलेली असायची, वाचनालयाची दगडी पायरी. पण मापं घेतली तेव्हा पायरीची दुरुस्ती चालली होती, म्हणून त्यांनी चौकातल्या गटाराच्या लोखंडी झाकणावर लाल रंगाची फुली मारली. हाताखालच्यांना दरवर्षी ओरडून सांगायच्या की झाकणावरून माप घ्यायचं नाही, झाकणं हलतात. त्या दिवशी घाई होती. मग थंडीत रस्तेवाल्यांनी चौकात डांबराचा नवा थर टाकला आणि झाकणाखाली कडं घालून ते वर उचललं. बाई चौकात गुडघ्यावर बसल्या, गाड्या हॉर्न वाजवत बाजूनं जात होत्या, आणि त्यांनी ते नवं कडं मोजलं. चार बोटं. त्या झाकणावरून मोजून बांधलेलं सगळंच चार बोटं वर गेलं होतं. फाटकाचा उंबरा जुनाच, तो होता तिथेच राहिला.

हवामान खात्याचा अंदाज होता की रविवारी दुपारनंतर मोठा पाऊस.

साहेब ऑफिसातच होते, सोमवारच्या खुर्च्यांची मांडणी बघत. बाईंनी सांगितलं, सांडवा फोडावा लागेल, उद्या सकाळी, परवानगी द्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण सोमवार त्याच्या उरावर बसला होता. त्यांनी विचारलं, चूक कुणाची? उत्तर यायच्या आत साहेबांनीच वाट दाखवली. चूक गवंड्याची असेल तर तसं दोन ओळी लिहून द्या, त्याच्याकडूनच फोडून घेऊ, परवानगी आत्ता देतो. चूक खात्याची असेल तर मात्र चौकशी आली, पंचनामा आला, मग मंगळवारच्या आधी कुणी दगडाला हात लावायचा नाही.

कागद समोर होता. पेनही होतं. गवंडी आजचा होता, उद्या दुसरीकडे गेला असता. आणि गल्लीतलं चौथं दार आज वाचलं असतं. बाईंनी पेन उचललं हे मी लपवत नाही. टोपणही काढलं. मग टोपण लावलं आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. झाकणावरून माप घेतलं." साहेबांनी मान हलवली. म्हणाले, मग मंगळवार.

गवंडी बागेतच होता, बाकाच्या सांध्यांत सिमेंट भरत. उंच, सडसडीत, सरळ उभा राहणारा, कामापुरतं बोलणारा. भिंत सरळ आहे का बघायच्या दोरीवरून सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. सांडव्याचा उंबरा त्यानं एकाच अखंड दगडातून घडवला होता, अकरा दिवस खपून. पाणी उतरताना आवाज करू नये म्हणून त्याच्या कडेला हलकी गोलाई दिली होती. असा दगड त्याच्या हातून पुन्हा होणार नाही, हे तो स्वतःच म्हणाला होता, आणि तो असलं काही म्हणणाऱ्यातला नव्हता.

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. झाकण, कडं, चार बोटं. त्यानं थापी पुसली. मग म्हणाला, "झाकण उचललेलं मी बघितलं होतं, बाई."

बाईंना कळेना, आपण नीट ऐकलं का.

"रस्तेवाले कडं बसवत होते तेव्हा मी चौकात चहा पीत होतो. मनात आलं, अरे, मापाची जागा हलली. पण दुसऱ्याच आठवड्यात तुमचा नवा नकाशा आला."

नवा नकाशा बाईंनी काढला होता खरा, पण तो फक्त बाकांच्या जागा बदलल्या म्हणून.

"मला वाटलं, बाईंनी हिशोबात धरलं असणार," ओळंबा म्हणाला. "विचारावं असं एकदा आलं मनात. पण तुम्हाला कोण विचारणार?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं त्यानं ते सांगितलं. त्यामुळे ते जास्त लागलं. ताईनं बघितलं होतं, यानं बघितलं होतं, रस्तेवाल्यांनी तर स्वतःच्या हातांनी केलं होतं. सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते, आणि ती सवय त्यांना बाईंनीच लावली होती, एकवीस वर्षं खपून.

"परवानगी नाहीये," बाई म्हणाल्या. "उद्या फोडलं तर नोटीस येईल. मला येईल, तुम्हाला नाही, तसं मी लिहून ठेवते."

ओळंब्यानं सांडव्याकडे एकदा बघितलं. सकाळी सहाला येतो, म्हणाला.

दगड काढून खाली बसवायला वेळ नव्हता, सिमेंट सुकलंच नसतं. छिन्नीनं वरूनच तासायचा होता. रविवारी सहाला पहिला घाव पडला तेव्हा बाईंनी तोंड फिरवलं. ती गोलाई पहिल्या तासातच गेली. ओळंब्यानं छिन्नी पुढे सरकवली. बाई तासलेले तुकडे पाटीत भरून बाजूला नेत होत्या, आभाळाकडे बघत होत्या, नळी लावत होत्या, पुन्हा आभाळाकडे बघत होत्या. दर दहा मिनिटांनी मोजू नका, असं शेवटी ओळंबाच म्हणाला, आणि बाईंनी ऐकलं. दुपारी एकपर्यंत तीन बोटं उतरली. एक राहिलं. आणि समोरच्या गच्च्या एकाएकी धूसर झाल्या.

बाईंनी ताईला आधीच फाटकात उभं केलं होतं. तिला म्हणाल्या होत्या, पाणी उंबऱ्याला लागलं की ओरड. मला काय वाटेल ते बघू नकोस.

पाऊस आला तो तिरका आणि जाड. रस्त्याचं पाणी कापलेल्या दगडांतून आत घुसलं, जसं यायला हवं होतं तसंच. लव्हाळा वाकला, पाणकणसं डोलली, वाडगं भरत गेलं. अर्ध्या तासानं पाणी सांडव्याला लागलं आणि ओळंब्याच्या पायांवरून नाल्यात उतरायला लागलं. बाईंनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात ताईचा आवाज आला, पावसाला फाडून.

"चुकलंय गं तुझं. इथे पाणी आलं."

बाईंच्या ओठांवर आलंच होतं, शक्यच नाही, तीन बोटं उतरवलीत. त्यांनी ते गिळलं आणि धावल्या. ताईचं खरं होतं. सांडव्यावरून पाणी जात होतं, पण जोर इतका की जाणारं पाणीच बोटभर जाडीचं. ते चौथं बोट म्हणूनच हवं होतं. फाटकाचा उंबरा ओला झाला होता आणि पहिली धार पायरीवर उतरली होती.

ताई धडपडत खाली गेली आणि कापड बेतायची आपली फळी घेऊन आली, पुरुषभर लांब, जाड, इतक्या वर्षांच्या कात्रीच्या खुणांनी भरलेली. दोघींनी ती फाटकात आडवी लावली, सांध्यात ताईनं आणलेल्या जुन्या गोधड्या कोंबल्या, आणि फळी ढळू नये म्हणून तिला पाठ लावून पायरीवर बसल्या, तोंड गल्लीकडे करून. मागे पाणी चढत होतं. सांडव्याकडून छिन्नीचा आवाज येत होता. ओळंबा पाण्यात हात घालून, दिसत नसताना, अंदाजानं चौथं बोट तोडत होता. बाईंना उठून तिकडे जायचं होतं. पण उठलं की फळी सरकणार. मग त्या बसून राहिल्या. समोर गल्ली होती, फक्त पावसानं भिजलेली. चौथं दार बंद होतं आणि कोरडं होतं.

"माझ्या बाजूनं झिरपतंय," ताई म्हणाली. बाईंनी अंग सरकवून तिच्या बाजूला जोर दिला.

जरा वेळानं ताई म्हणाली, "एक सांगू? रागावशील."

"सांग."

"मला गेल्या वर्षीच जायचं होतं."

बाईंनी पाय पायरीला आणखी घट्ट रोवले.

"पाणी हे निमित्त. पाणी आलं नसतं तरी गेले असते. तिकडे नातवंड आहे, ते मला फोनवर ओळखतं फक्त. मी पेट्या भरल्या, आणि तू दारात येऊन म्हणालीस, थांब, मी पाणी अडवते. तुझ्या डोळ्यांत काय होतं, मला नाही म्हणवलं नाही." ताईच्या केसांतून पाणी गळत होतं, ते ती पुसतही नव्हती. "बाग चांगली केलीस. गल्लीला हवीच होती ती. बाकीची घरं दुवा देतील तुला. पण माझ्यासाठी नको होती गं."

वर्षभर. वर्षभर त्या ओढ्यांतून चिखल तुडवत फिरल्या होत्या, साहेबांशी भांडल्या होत्या, हेड माळ्याशी अबोला धरला होता, आणि एकदाही हिला विचारलं नव्हतं की तुला राहायचंय का. विचारायचं सुचलंही नव्हतं. त्यांना रडू आलं. पावसात ते कुणाला दिसणार नव्हतं, पण ताईला कळलं, कारण फळीला पाठ लावून बसलेल्या दोघींचे खांदे एकमेकींना लागून होते.

"मग कधी जातेस?" बाईंनी विचारलं.

"गणवेश द्यायचेत शाळेला. पुढच्या महिन्यात."

"मशीनं?"

"एक नेते. एक तुझ्याकडे ठेव."

"मला शिवता येत नाही."

"शिक मग," ताई म्हणाली.

सांडव्याकडून ओळंब्यानं हाक मारली, झालं, बाई, उतरलं चौथं. मागचा पाण्याचा दाब हळूहळू कमी होत गेला आणि फळीच्या खालून येणारी धार बारीक झाली, मग थांबली. उठायला आता हरकत नव्हती. पण ताई उठली नाही, म्हणून लेव्हलबाईही उठल्या नाहीत.